सहकाऱ्यांच्या सवयींवर चालणारी यंत्रे

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत दूरध्वनीविषयक संशोधन करणाऱ्या अभियंत्यांनी, रोजच्या कामात हाताखालून जाणाऱ्या सुट्या भागांतूनच, सहकाऱ्यांना चकवणारी आणि कोड्यात टाकणारी काही यंत्रे घडवली. या यंत्रांत मुख्यतः रिले वापरलेले असत. रिले म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की निर्माण होणाऱ्या चुंबकत्वाने दुसऱ्या मंडलाची जोडणी आपोआप जोडणारा किंवा तोडणारा स्विच. दूरध्वनी केंद्रे अशा हजारो रिलेंवर चालत असल्यामुळे हा भाग तेथे मुबलक होता, आणि त्याचे तर्कशास्त्र तेथील संशोधक क्लॉड शॅनन यांनी खोलवर जाणलेले होते, कारण 1937 साली पदव्युत्तर प्रबंधात त्यांनी रिलेमंडलांची मांडणी बूलच्या, म्हणजे खरे-खोटे या दोनच मूल्यांच्या, बीजगणिताने करून दाखवली होती.

1952 च्या सुमारास संशोधक मार्विन मिन्स्की यांना सुचलेल्या कल्पनेवरून शॅनन यांनी एक लहानशी लाकडी पेटी तयार करून आपल्या मेजावर ठेवली, जिच्या बाहेरच्या बाजूस केवळ एक स्विच होता. कोणी तो दाबला की पेटीतून घरघर ऐकू येई, झाकण उघडे, आतून एक हात बाहेर येऊन तोच स्विच बंद करी आणि पुन्हा पेटीत शिरे. लेखक आर्थर क्लार्क यांनी ही पेटी पाहिली आणि स्वतःला बंद करण्यापलीकडे काहीही न करणाऱ्या या यंत्राने मन कसे अस्वस्थ होते, ते त्यांनी लिहून ठेवले. दिसेल तो स्विच दाबून पाहण्याच्या मानवी सवयीवरच तिची सारी गंमत अवलंबून होती.

याच प्रयोगशाळेतील डेव्हिड हेगलबार्गर यांचे यंत्र याहून सूक्ष्म होते. खेळाडूने दोन पर्यायांपैकी एक मनात धरायचा आणि यंत्राने तो आधीच ओळखायचा, असा हा खेळ असे. सहकाऱ्यांना खेळण्याचा मोह व्हावा म्हणून जिंकल्या-हरल्याची नोंद दाखवणाऱ्या दिव्यांच्या रांगाही त्याला जोडलेल्या होत्या. माणूस आपण स्वैरपणे निवड करतो असे समजतो, परंतु जिंकल्यावर आणि हरल्यावर त्याचे वागणे ठरावीक वळणाने जाते, आणि यंत्र ते वळण टिपून पुढचा अंदाज बांधी. एकूण 9,795 डावांपैकी 5,218 डाव यंत्राने जिंकले. विद्वान अभियंत्यांचे मनही इतके वाचता येते, हे दाखवून देणारी ही संख्या या खोडीचे खरे वैज्ञानिक मोल सांगते. शॅनन यांनी पुढे याच तत्त्वावर अधिक सोपे यंत्र केले, ज्यात मागील दोन डावांचे निकाल आणि त्यांमध्ये खेळाडूने निवड बदलली की नाही एवढेच पाहून आठ परिस्थिती लक्षात ठेवल्या जात. पंचाचे काम करणाऱ्या तिसऱ्या यंत्राच्या मध्यस्थीने दोघांची झुंज लावली असता हे छोटे यंत्रच सरस ठरले.

अशी यंत्रे घडवण्यास तेव्हा प्रयोगशाळेचे साहित्य आणि रिलेमंडलांची जाण लागे. ती अट हान्स कामेन्झिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी 1971 मध्ये रचलेल्या आणि 1972 मध्ये बाजारात आलेल्या 555 या आठ पायांच्या कालमापक चिपने बरीचशी शिथिल केली. ही चिप संधारित्र, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, पुरवठ्याच्या दोन तृतीयांश दाबापर्यंत भरू देते, एक तृतीयांशापर्यंत रिकामा करते आणि या आवर्तनातून हवा तेवढा कालखंड मोजते. दोन-तीन चिप आणि एक छोटा बझर यांतून काही मिनिटांनी एकदाच बारीक ‘टीं’ करणारी डबी शिकाऊ हातांनाही जुळवता येऊ लागली. अशी डबी शोधणे मात्र अवघड जाते: दोन्ही कानांपर्यंत आवाज पोहोचण्यातील वेळेचा आणि तीव्रतेचा फरक ओळखून मेंदू दिशा ठरवतो. सुमारे दोन हजार हर्ट्‌झच्या शुद्ध स्वराच्या बाबतीत हे दोन्ही संकेत दुबळे पडतात, त्यातच स्वर क्षणार्धात थांबतो, त्यामुळे शेजारच्या खणात ठेवलेली डबीही सहकाऱ्याला सहजासहजी सापडत नाही.