काचेतला मासा आणि विकणाऱ्याची जबाबदारी

आजचा विषय वाचून काही जणांना हसू आलं असेल. इतिहासाच्या व्याख्यानमालेत शोभेचे मासे विकणारा दुकानदार कुठून आला? पण रोजच्या व्यवहारातल्या छोट्या गोष्टींनाही इतिहास असतो, आणि या गोष्टीचा इतिहास जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा आहे. प्रश्न साधा आहे. ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाला जिवंत प्राणी विकताना विकणाऱ्यावर काय जबाबदारी येते?

आधी घरची गोष्ट सांगतो. आम्ही शाळेत होतो. धाकट्या भावाच्या वाढदिवसाला वडिलांनी काचेची टाकी आणली. दोन फूट लांब, तळाला रंगीत खडे, एक प्लास्टिकचं झाड, हवेचा पंप. आणि त्याच संध्याकाळी, त्याच दुकानातून, चार गोल्डफिश आणि सहा मॉली. दुकानदारानं दोनच गोष्टी सांगितल्या : दिवसातून दोनदा चिमूटभर खाणं टाका आणि पाणी गढूळ दिसलं की बदला. पाचव्या दिवशी सकाळी पहिला मासा उलटा तरंगताना दिसला. वडिलांनी सगळं पाणी उपसलं, खडे नळाखाली चोळून चोळून धुतले, ताजं पाणी भरलं. पुढच्या आठवड्यात टाकी रिकामी. भावाची पक्की समजूत झाली की आपण जास्त खाऊ घातलं म्हणून मासे मेले. वडील दुकानात विचारायला गेले, तर उत्तर मिळालं, "नाजूक जात असते हो. दुसरे घेऊन जा, कमी करून देतो." दुकान कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही. असं उत्तर तेव्हा कुठल्याही गावात मिळालं असतं.

आता मुळाकडे जाऊ. गोल्डफिश पाळण्याची परंपरा चीनमधली. सोंग राजवटीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, ते बागेतल्या तळ्यांत असत. पुढे मिंग काळात ते मातीच्या आणि चिनी मातीच्या मोठ्या भांड्यांत, घराच्या आवारात आले. भांडं पारदर्शक नव्हतं, मासा वरून पाहायचा. तो ज्यांच्याकडे असे त्यांच्याकडे तळं होतं, माळी होता, पिढ्यांचा अनुभव होता. पाळणारं घर आणि जाणणारं घर बहुधा एकच.

युरोपात मासा पोचला तेव्हा ही माहिती त्याच्याबरोबर आली नाही. लंडनचा प्रसिद्ध दैनंदिनीकार सॅम्युअल पेपिस यानं मे १६६५ मध्ये एका ओळखीच्या घरी काचेच्या भांड्यात परदेशी मासे पाहिले. हे मासे असेच कायमचे जगतात, अशा अर्थाची नोंद त्यानं केली. पेपिस मोठा चौकस माणूस, पण त्यालाही वाटलं की काच आणि पाणी पुरे. मंडळी, ही समजूत आजही जिवंत आहे. तिच्याच जोरावर गोल बाऊल विकले जातात.

खरा बदल झाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५० मध्ये, रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानं एका टाकीत गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासा श्वास घेईल, असा हिशेब. पण पानं कुजायला लागली आणि पाणी बिघडलं. मग त्यानं कुजलेलं खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. म्हणजे ज्या प्रयोगातून घरगुती मत्स्यालय जन्माला आलं, त्याचा पहिला धडाच असा होता की नुसत्या काच-पाण्यावर भागत नाही.

पुढची वर्षं धुमाकुळाची. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिश हाउस उघडलं आणि लोकांची रीघ लागली. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्दच घरोघर पोचला. दिवाणखान्यात टाकी नसेल तर घर मागासलेलं, इथपर्यंत मजल गेली. लोक समुद्रकिनाऱ्यावर जाऊन खडकांतल्या डबक्यांमधून जीव ओरबाडून आणू लागले. गॉसचा मुलगा एडमंड यानं १९०७ मध्ये वडिलांवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की वडिलांच्या पुस्तकांमुळे ते किनारे उजाड झाले. वडिलांचा हेतू चांगला होता, पण वाचक काय करतील याचा अंदाज त्यांना आला नाही.

याच काळात आपल्या आजच्या नायकाचा प्रवेश होतो. विल्यम आल्फर्ड लॉइड. लंडनमध्ये पोर्टलंड रोडवर त्यानं फक्त मत्स्यालयाच्या सामानाचं दुकान काढलं. १८५८ मध्ये त्यानं मालाची यादी छापली, ती सव्वाशेहून जास्त पानांची होती. तिच्या शीर्षकात किमतींच्या आधी वर्णनं आणि चित्रं यांचा उल्लेख आहे. कुठला जीव, कुठली टाकी, कशासाठी, हे गिऱ्हाइकाला सांगूनच माल विकायचा. फार पाणी आणि थोडे जीव, हा लॉइडचा आयुष्यभराचा आग्रह होता. पुढे क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयाचं काम त्याच्याकडे आलं, ते १८७१ मध्ये उघडलं. तिथे त्यानं जमिनीखाली अंधारा हौद बांधला आणि प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी जास्त पाणी त्यात ठेवून ते सतत फिरतं राखलं.

पण इतिहास नायकाला नेहमी बक्षीस देत नाही. लॉइडचं लंडनचं दुकान १८६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बुडालं. खूळ ओसरलं होतं. कितीतरी घरांत टाक्यांमधलं पाणी हिरवं झालं, वास येऊ लागला, मासे मेले. लोकांनी टाकी माळ्यावर टाकली आणि पुढच्या छंदाकडे वळले. दोष कुणाला द्यायचा हा प्रश्नही फारसा कुणी विचारला नाही. मासाच तो.

मासे का मेले, याचं शास्त्रीय उत्तर मिळायला १८९० उजाडावं लागलं. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं अमोनियाचं रूपांतर करणारे जिवाणू वेगळे करून दाखवले. आता आमच्या घरच्या टाकीकडे परत या. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. अमोनिया विषारी. जुन्या टाकीत एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मासा बऱ्यापैकी सहन करतो. हे जिवाणू खड्यांवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात आणि ती वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या कोऱ्या टाकीत पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले, तर ते आपल्याच विष्ठेत गुदमरतात. आणि वडिलांनी खडे नळाखाली चोळून धुतले, तेव्हा जी काही थोडी वस्ती झाली होती तीही गटारात गेली, वर नळाच्या पाण्यातलं क्लोरिन मिळालं ते वेगळंच. म्हणजे दुकानदारानं सांगितलेला उपायच उरलेल्या माशांच्या मुळावर आला.

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. ही माहिती गुपित नव्हती. चाळीस दुकानी टाक्या सांभाळणाऱ्या माणसाला, कारण माहीत नसलं तरी, नव्या टाकीत मासे मरतात हे अनुभवानं माहीत असतंच. गिऱ्हाइकाला माहीत नसतं. ज्ञान काउंटरच्या आत राहतं आणि मासा काउंटरच्या बाहेर जातो. जबाबदारीचा प्रश्न नेमका या फटीतून निघतो.

कायद्यानं ही फट कशी ओळखली, तो भाग फार मजेशीर आहे. आपल्याकडे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण असायची. ब्रिटनमध्ये चिंध्या आणि भंगार गोळा करणारे फेरीवाले गल्लीत यायचे आणि मुलांना कपड्यांच्या बदल्यात गोल्डफिश द्यायचे. मुलं घरातले चांगले कपडेसुद्धा आणून देत. १९३६ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानं अशा व्यापाऱ्यांना १४ वर्षांखालच्या मुलांना कोणतीही वस्तू द्यायला बंदी केली. मग वाद आला, मासा ही वस्तू आहे का? १९६१ मध्ये दुरुस्ती करून स्पष्ट केलं गेलं की 'वस्तू' या शब्दात प्राणी, मासा, पक्षी सगळं धरायचं. तोवर म्हणजे १९५१ मध्ये पाळीव प्राण्यांच्या विक्रीचा स्वतंत्र कायदा झाला होता. दुकानाला परवाना आवश्यक झाला आणि १२ वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकायला मनाई झाली. २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समध्ये हे वय १६ केलं. जत्रेत चेंडू मारून गोल्डफिश जिंकायची जुनी प्रथा होती, तिथेही सोबत मोठं माणूस नसेल तर या वयाच्या मुलाला मासा बक्षीस द्यायचा नाही असं ठरलं.

रोम शहरानं २००५ मध्ये गोल बाऊलमध्ये मासे ठेवायलाच बंदी केली. आणि इंग्लंडमधल्या २०१८ च्या परवाना नियमांनी शेवटचं पाऊल टाकलं : प्राणी विकताना त्याचं खाणं, राहणं, निगा याची माहिती गिऱ्हाइकाला मिळालीच पाहिजे, आणि ती देण्याइतकं प्रशिक्षण दुकानातल्या माणसांना असलं पाहिजे. क्रम लक्षात घ्या. आधी गिऱ्हाइकाचं वय, मग भांड्याचा आकार आणि सगळ्यात शेवटी माहिती. जे लॉइड १८५८ मध्ये आपणहून करत होता, ते नियमात यायला १६० वर्षं लागली.

आता आपल्याकडे. योगायोग असा की १९५१ मध्येच मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत पहिला रंगीत मासा तिथे पाहिला. आवड तिथे लागली आणि खरेदी क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा गावातल्या दुकानात झाली. मधली पायरी, म्हणजे मासा कसा जगवायचा हे शिकणं, ती मात्र कुणाच्याच वाट्याला आली नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा होता, पण मासे विकणाऱ्या दुकानाचा त्यात खास विचार नव्हता. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारनं मत्स्यालय आणि मासेविक्रीच्या दुकानांसाठी वेगळे नियम काढले. व्यावसायिकांनी जोरदार विरोध केला आणि त्याच वर्षी ते मागे घेतले गेले. विरोध सगळाच चुकीचा होता असं आम्ही म्हणणार नाही. दीडशेहून जास्त जातींवर बंधनं होती आणि हजारो घरं या धंद्यावर चालतात. पण त्या गदारोळात गिऱ्हाइकाला माहिती देण्याचा साधा मुद्दाही बाजूलाच पडला.

"मासाच तो" म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. दुकानात 'काच साफ करणारा' म्हणून सकर मासा मिळतो. बोटभर असतो, स्वस्त असतो. तो वाढून दीड फुटांच्या आसपास जातो हे क्वचितच कुणी सांगतं. मग टाकीत मावेना झाला की माणूस दयाळूपणे त्याला नदीत सोडतो. गेल्या काही वर्षांत उजनीच्या जलाशयात हा दक्षिण अमेरिकेतला मासा मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. अंगावर हाडांचं कवच, काटेरी पर, जाळी फाटतात आणि बाजारात कुणी विकत घेत नाही. दुकानात न बोललेल्या एका वाक्याची किंमत अशी शंभर मैलांवरचा कोळी मोजतो.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं प्रश्न विचारला, तो इथे देतो. ते म्हणाले, "माझं स्वतःचं दुकान आहे. टाकी आज न्या आणि मासे महिन्यानं न्या असं सांगितलं, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. मी काय करू?"

प्रश्न अगदी रास्त आहे. सगळा भार एकट्या दुकानदारावर टाकणं आम्हालाही पटत नाही. प्रामाणिक माणसाचं नुकसान होतं, लॉइडसुद्धा बुडालाच. म्हणून तर नियम लागतात. नियम सगळ्यांना सारखा असला की समोरच्या दुकानालाही तेच सांगावं लागतं. तोवर काही गोष्टी मात्र आजही जमण्यासारख्या आहेत. "टाकी केव्हा लावलीत?" आणि "किती लिटरची?" हे दोन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. थांबायला तयार नसलेल्याला दहाऐवजी दोन काटक मासे द्यावेत, आपल्या जुन्या टाकीतला फिल्टरचा थोडा स्पंज द्यावा, म्हणजे जिवाणूंची वस्ती लवकर होते. पाणी एकदम सगळं बदलू नका, थोडं थोडं बदला, एवढं एका कागदावर मराठीत छापून पिशवीबरोबर द्यावं. ज्याचे मासे जगतात तो परत येतो. ज्याचे मरतात तो टाकी माळ्यावर टाकतो.

आणि आमचा भाऊ. अमोनियाची ही सगळी भानगड आम्हाला कळली तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता. आम्ही त्याला सांगितलं की खाण्यामुळे नव्हे, टाकी नवी होती म्हणून ते मासे गेले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर?" दुकानदाराला हे सांगायला एक मिनिट लागलं असतं.