संप्रेरक : एका शब्दाची वाटचाल

श्रोतेहो, आपल्या संग्रामपूरकडे कपाशीची पाते-फुले गळू लागली की 'हार्मोन' फवारा, असा सल्ला सहज मिळतो. हा शब्द मूळचा शेतातला नव्हे. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी दाखवून दिले की, आतड्यातून रक्तात मिसळणारे एक द्रव्य मज्जातंतूंच्या साह्यावाचून स्वादुपिंडास पाझरावयास लावते. १९०५ साली स्टार्लिंगने अशा द्रव्यांना 'चालना देणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून नाव दिले. आपल्या 'संप्रेरक' शब्दातील प्रेरणाही तीच होय.

पुढे १९२८ च्या सुमारास हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट याने ओटच्या कोंबातही वाढीला चालना देणारे द्रव्य असल्याचे सिद्ध केले. त्यास 'ऑक्सिन' म्हणू लागले. पातेगळीवर फवारतात ते नॅप्थालीन अॅसेटिक आम्ल याच कुळातले, पण कृत्रिम. त्याचे प्रमाण दहा लाख भाग पाण्यात सुमारे २० भाग इतकेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुढे आलेले टू-फोर-डी हे तणनाशकही याच कुळातले. त्याचा अंश पंपात राहिला, तरी कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी होतात.

तेव्हा संप्रेरक म्हणजे खत नव्हे, टॉनिकही नव्हे. ती झाडाला दिलेली आज्ञा आहे. कोणती आज्ञा, किती मात्रेत, हे विचारल्यावाचून दुकानातून बाटली उचलू नये, आणि तणनाशकाचा पंप कपाशीत नेऊ नये. शब्दाचा अर्थ कळला, तर वर्षाचे पीक वाचते.