गढूळ एलची पारख

अँड्र्यू बूर्ड या इंग्रज वैद्याचे आहारावरचे पुस्तक १५४२ साली प्रसिद्ध झाले. चांगली एल, म्हणजे आंबवलेल्या सातूची दारू, कशी ओळखावी, हेही त्याने त्यात सांगून ठेवले आहे. ती ताजी हवी, नितळ हवी, तिला तार सुटलेली नसावी, धुराचा वास नसावा आणि पाच दिवस उलटल्याशिवाय ती पिऊ नये. आज हेझी, म्हणजे गढूळ, पेल एल पारखायला बसलेला परीक्षक ग्लास उजेडात धरतो, तेव्हा यातली एकच अट उलटलेली असते. पेय संत्र्याच्या रसासारखे गढूळ दिसते, पलीकडचे बोट दिसत नाही, आणि तरीही गुण कापले जात नाहीत. बूर्डच्या बाकीच्या अटी मात्र अजून शाबूत आहेत. नितळपणाची अट कुठून आली आणि कशी सुटली, हे पाहायला आपण आणखी मागे जाऊ.

तेराव्या शतकात, १२६६ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये पाव आणि एल यांच्या दर्जाचा व दराचा कायदा झाला आणि गावोगावी एल चाखणारे अधिकारी नेमले जाऊ लागले. एल तेव्हा घरोघरी बायका गाळत. घाणा तयार झाला की दाराबाहेर काठीला झुडूप बांधायचे आणि चाखणाऱ्याची वाट पाहायची. त्याने पसंत केल्यावरच विक्री. स्ट्रॅटफर्ड गावाने १५५६ साली या कामावर जॉन शेक्सपिअर यांना नेमले. विल्यमचे हे वडील. या एलमध्ये मुळात हॉप्स नसत. हॉप्स म्हणजे एका वेलीची कडवट, सुगंधी फुले. त्यांनी पेय टिकते, हे जर्मनीतल्या हिल्डगार्ड या मठाधिपतीणबाईंनी बाराव्या शतकातच लिहून ठेवले होते. इंग्लंडमध्ये ती पंधराव्या शतकात समुद्रापलीकडच्या फ्लेमिश आणि डच गाळणाऱ्यांकडून आली, आणि सहज आली नाहीत. नॉरिच शहराने १४७१ साली एलमध्ये हॉप्स घालण्यास मनाई केली होती. पुढे ज्या फुलांवर सगळी पेल एल उभी राहिली, त्यांची सुरुवात अशी भेसळ म्हणून झाली.

दुसरा धागा रंगाचा. मोड आलेले सातू भट्टीत वाळवले की मॉल्ट तयार होते. लाकूड जाळले तर ते करपते आणि त्याला धूर लागतो. बूर्डला धुराच्या वासाची धास्ती होती ती यामुळे. १६४२ च्या सुमारास डर्बीशरमध्ये दगडी कोळशाचा कोक भट्टीत वापरू लागले आणि फिकट, धूर न लागलेले मॉल्ट हाती आले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ‘पेल एल’ हे नाव रुळले. पण कथलाच्या किंवा मातीच्या पेल्यात नितळ आणि गढूळ यांत डोळ्याला काय फरक कळणार? तो कळू लागला काच स्वस्त झाल्यावर. पिल्झेन शहरात योसेफ ग्रोल याने १८४२ साली सोनेरी, पारदर्शक बीअर काढली, आणि ब्रिटनने काचेवरचा कर १८४५ साली उठवला. नितळपणाचे वेड पसरले ते या दशकापासून. पिंपातली एल नितळायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला सरस वापरत. आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाची अशीच पिशवी आजही मोठ्या भावाने विकली जाते.

पेल एलशी भारताचा संबंध मात्र त्याआधीचा. लंडनच्या पूर्वेला बो इथे जॉर्ज हॉजसन याने १७५२ साली गाळणी सुरू केली. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जवळच नांगर टाकत. कप्तानांना तो दीड वर्षापर्यंत उधारी देई. त्याच्या एलची पिंपे आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पोहोचत. भारतासाठी हॉजसनने नवी एल शोधली, अशी कथा सर्रास सांगितली जाते. ती खरी नाही. उष्ण देशांत जाणाऱ्या बीअरला जास्त हॉप्स घालावीत, हा सल्ला इंग्रज गाळणाऱ्यांना १७६० च्या दशकातच मिळत होता. हॉजसनचे खरे भांडवल म्हणजे गोदीजवळची जागा आणि उधारी. १८२२ साली कंपनीच्या एका संचालकाने बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसॉपला हा धंदा हिसकावून घेण्याचा सल्ला दिला. नमुन्याचा पहिला घाणा चहाच्या किटलीत केला, असे बर्टनकर सांगत आले. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्यातल्या सल्फेटने हॉप्सचा कडवटपणा धारदार लागतो आणि कॅल्शियमने पेय चटकन नितळते. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव मात्र छापून आले ऑस्ट्रेलियात, १८२९ च्या सिडनीतल्या एका वर्तमानपत्रात.

या पिंपांमध्ये आंबवणी झाल्यावर मूठमूठ सुकी हॉप्स टाकत. नकळत तिथे आजच्या हेझी एलचा पाया पडला. होरेस ब्राउन आणि मॉरिस या रसायनज्ञांनी १८९३ साली दाखवून दिले की या सुक्या फुलांतली विकरे उरलेल्या पिठूळ द्रव्याची साखर करतात आणि आंबवणी पुन्हा जागी होते. त्यांचा निबंध शंभर वर्षे धूळ खात पडला. आता मूठमूठ हॉप्सच्या जागी किलोकिलोने हॉप्स पडू लागली, तेव्हा डबे फुगू लागले, एलला लोण्याचा वास येऊ लागला आणि लोकांना ब्राउन-मॉरिस आठवले. मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो.

मधल्या काळात शास्त्र नितळपणाच्या बाजूने उभे राहिले. पाश्चरचा बीअरवरचा ग्रंथ १८७६ चा, जर्मनीतला बीअर गाळण्याचा फिल्टर १८७८ चा, आणि एमिल हॅन्सनने कोपनहेगनमध्ये शुद्ध यीस्ट वेगळे काढले ते १८८३ साली. गढूळ म्हणजे नासलेले, हे समीकरण पक्के झाले. अपवाद होते, पण कोपऱ्यात. बव्हेरियातली गव्हाची बीअर गेओर्ग श्नायडरने १८७२ पासून जगवली. बेल्जियममधल्या हूगार्डनची नामशेष झालेली पांढरी बीअर पिएर सेलिस या गवळ्याने १९६६ साली पुन्हा काढली. दोन्ही निःसंकोच गढूळ.

वळण अमेरिकेत आले. १९७२ साली कॅस्केड ही हॉप्सची जात तिथे प्रसृत झाली, १९७८ साली घरी बीअर गाळणे कायदेशीर ठरले आणि १९८० साली सिएरा नेवाडा पेल एल निघाली. ती कडवट होती, लिंबूवर्गी वासाची होती आणि बऱ्यापैकी नितळ होती. व्हर्माँट राज्यात ग्रेग नूननने १९८८ साली काढलेल्या पबमध्ये जॉन किमिच शिकला. त्याने २००३ साली वॉटरबरीत स्वतःचा पब काढला आणि नूननच्या यीस्टवर ‘हेडी टॉपर’ गाळली. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात तो पब बुडाला. योगायोगाने डबाबंदीचा कारखाना तयार होत आला होता. काही दिवसांतच एल डब्यांतून निघाली, आणि डब्यावर लिहिले होते की डब्यातूनच प्या. जी एल डोळ्याने पाहायचीच नाही, तिने नितळपणाची सत्ता मोडली. तिच्या मागून आलेल्यांनी ओट आणि गहू वाढवले, हॉप्स आंबवणी चालू असतानाच टाकली, आणि पाण्यात सल्फेटऐवजी क्लोराइडवर भर दिला. म्हणजे बर्टनचा धडा त्यांनी उलटा गिरवला. धान्यातली प्रथिने आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल्स एकमेकांना धरतात, तोच तो गढूळपणा.

चाखणाऱ्याचे पदही बदलले. अमेरिकेत १९८५ साली परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी व्यवस्था उभी राहिली. तिच्या गुणपत्रिकेत ५० पैकी २० गुण चवीला, १२ गंधाला, १० एकूण परिणामाला, ५ तोंडातल्या स्पर्शाला आणि दिसण्याला फक्त ३. २०१८ साली अमेरिकी गाळणाऱ्यांच्या संघटनेने हेझी पेल एलला स्वतंत्र वर्ग दिला. पुण्यात डूलॅली या स्वतः बीअर गाळणाऱ्या पबने २००९ साली दार उघडल्यापासून महाराष्ट्रातही ताजी एल पिण्याची सोय झाली आहे.

तेव्हा आपण पारखायला बसलो तर आधी नाक ग्लासाशी न्यावे, कारण वास सर्वांत आधी उडतो. आंबा, संत्रे, पॅशनफ्रूट यांचा वास हवा. पुठ्ठ्याचा वास आला किंवा रंग करडा-तपकिरी पडला, तर हवा लागून एल गेली. घोट मऊ उतरावा. घसा खरखरला तर हॉप्सचा चुरा तसाच राहिला आहे, आणि पिठाचा साका तळाशी बसला तर गाळणाऱ्याने कौशल्याची कसर गढूळपणात लपवली आहे. माझा कौल असा की गढूळपणाला स्वतःचे गुण नाहीत आणि दोषही नाहीत. डबा घेताना आधी भरल्याची तारीख पाहा. दोन-तीन महिने उलटले असतील तर तो फळीवरच राहू द्या.