पंडिता रमाबाई यांचे दुष्काळकार्य

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांत निराधार स्त्रिया व मुलींसाठी केलेले मदतकार्य. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशन ही संस्था त्यातूनच विस्तारली.

पार्श्वभूमी

१८७०च्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात रमाबाईंचे आई-वडील व थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

कार्य व श्रद्धा

१८९६–९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. १९००च्या सुमारास गुजरातेतूनही शेकडो आल्या. त्यांना शिक्षणाबरोबर शेती, विणकाम व छपाई शिकवली जाई. स्वतः भोगलेल्या उपासमारीच्या आठवणीने आपल्याला या कामास प्रवृत्त केले, असे रमाबाईंनी नमूद केले आहे. मराठी ख्रिस्ती परंपरेत देवाविषयीच्या कृतज्ञतेला ‘उपकारस्तुती’ म्हणतात. रमाबाईंच्या बाबतीत तिने प्रार्थनेइतकेच सेवेचे रूप घेतले.