खांडबाऱ्याकडची उन्हाळी करमणूक

उन्हाळी सुट्टी म्हटली की एक ठरीव चित्र डोळ्यांपुढे येतं. मामाचा गाव, आंब्याची अढी, पत्त्यांचे डाव, संध्याकाळी दूरदर्शनवरचा सिनेमा आणि एखादं बालनाट्य. हे चित्र खोटं नाही, पण ते बहुतेक मुंबई-पुण्याच्या घरांतून काढलेलं आहे. मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं आणि मे महिना म्हणजे बालनाट्याचा महिना, अशी सवयच तिथल्या मुलांना लागली. आज मात्र आपण नकाशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ या.

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात खांडबारा हे गाव आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं स्टेशन, भोवताली आदिवासी पाडे, आणि थोडं पश्चिमेला गेलं की गुजरात. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या बाकावरही दोन राज्यांची नावं लिहिलेली आहेत. अशा ठिकाणी माणसं घरात मावची किंवा भिली बोलतात, बाजारात अहिराणी आणि गुजराती, शाळेत मराठी. आणि करमणूक? तिचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी ती कोणत्या भाषेत आली, याचाच इतिहास आहे.

मुळात इथला उन्हाळा हा ‘सुट्टी’ या शब्दात बसत नाही. पाऊसकाळ संपला की या भागातली पुष्कळ कुटुंबं कोयता घेऊन बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आश्रमशाळेतली मुलंही मे महिन्यातच घरी येतात. म्हणजे शहरातला मुलगा सुट्टीत घर सोडून गावाला जातो, आणि इथला मुलगा सुट्टीत मुळात घर गाठतो. आल्यावर हातपाय पसरून बसायला मिळतं असंही नाही. मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे मोहाची फुलं वेचायची, पुढे तेंदूपानं. तरीही लग्नं, नाच, रात्रीची जागरणं सगळी याच दिवसांत, कारण सगळी माणसं एका ठिकाणी असतात ती याच दिवसांत.

सिनेमा आणि टीव्ही येण्यापूर्वी करमणुकीचं वेळापत्रक इथे पक्कं होतं. महाशिवरात्रीला सातपुड्यात देवमोगऱ्याला याहामोगी मातेची जत्रा. मग होळी. अक्कलकुव्याकडच्या काठीच्या राजवाडी होळीचं नाव तर आता दूरवर पोचलंय. आणि ऐन वैशाखात खानदेशाची अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकीबाळी माहेरी येणार, निंबाला झोके बांधणार, गौराईची गाणी म्हणणार. सालदाराचं वर्ष याच दिवशी संपतं आणि पुढचं ठरतं, त्यामुळे वर्षभर राबणाऱ्या गड्याची ही हक्काची मोकळीक. पुरुषांचा पत्त्यांचा डाव या दिवशी उघड्यावर बसतो. त्यात कितीजणांची सालभराची कमाई गेली, हे घरच्या बायकांना विचारावं. अखाजीचं कौतुक करणारे लेख हा भाग हळूच गाळतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

याच सुमाराला तमाशाचे फड आपला हंगाम आवरत. दसऱ्याला निघालेला फड अक्षय्य तृतीयेच्या आसपास, फार तर बुद्धपौर्णिमेपर्यंत, गाशा गुंडाळतो. भिका-भीमा सांगवीकरांसारखी मंडळं खानदेशात घरोघरी माहीत. आदिवासी पट्ट्यात मात्र खरी सत्ता सोंगाड्या पार्टीची. पुरुषच बायकांची सोंगं घेतात, हातवारे आणि गाणी रात्रभर चालतात, आणि सावकार, पोलीस, सासू, जावई यांची यथेच्छ टिंगल होते. ही टिंगल स्वतःच्या बोलीत होते, हे फार महत्त्वाचं. पुढे जे जे आलं, त्यात ही गोष्ट बराच काळ नव्हती.

पुढे आला तंबू. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांसमोर आला तो ३ मे १९१३ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यातच. पण खेड्यांपर्यंत सिनेमा नेला तो टुरिंग टॉकीजवाल्यांनी. ट्रकमध्ये यंत्र, जनरेटर आणि कनात. सारंगखेड्यासारख्या यात्रांपासून सुरुवात करून उन्हाळाभर गावोगाव फिरायचं आणि पहिल्या पावसाआधी तंबू उतरवायचा, कारण चिखलात ना गाडी चालते ना प्रेक्षक बसतो. संध्याकाळी कर्ण्यावर गाणी सुरू झाली की आसपासच्या पाड्यांना वर्दी मिळे. जमिनीवर बसायचं, बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. रीळ तुटलं की शिट्ट्या. १९७५ च्या मे महिनाअखेरीस ‘जय संतोषी माँ’ प्रदर्शित झाला, तेव्हा लोक चपला बाहेर काढून बसत आणि पडद्यावर नाणी उधळत. शहरी माणूस याला हसतो. मला वाटतं, ज्यांनी देव नेहमी गाण्यात आणि सोंगात जिवंत पाहिला, त्यांनी पडद्यावरच्या देवाशी तसंच वागणं अगदी स्वाभाविक होतं. या तंबूवाल्यांचे शेवटचे दिवस ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात टिपले आहेत. जमल्यास जरूर पाहावा.

रेडिओबद्दल थोडक्यात. जळगावचं आकाशवाणी केंद्र १९७६ मध्ये सुरू झालं, पण त्याआधीपासून रेडिओ सिलोन आणि विविध भारती रेल्वेमार्गावरच्या गावांत चहाच्या टपऱ्यांवर वाजत होतीच.

टीव्हीची गोष्ट जरा निराळी आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. ‘किलबिल’, ‘गजरा’, ‘आमची माती आमची माणसं’ हे कार्यक्रम मराठी मध्यमवर्गाच्या आठवणीत घट्ट बसले. पण या आठवणी मुंबई-पुण्याच्या टापूतल्या. १९८२ नंतर, विशेषतः १९८४ मध्ये, देशभर लहान सहक्षेपण केंद्रांचा धडाका लागला आणि दूरच्या जिल्ह्यांत टीव्ही पोचला. ही केंद्रं उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवत. परिणाम असा की अशा जिल्ह्यांतल्या मराठी शाळेतल्या मुलाने मुंबईचं मराठी दूरदर्शन पाहण्याआधी दिल्लीची ‘हम लोग’ पाहिली. आपल्या राज्याचा टीव्ही आपल्याला सर्वांत शेवटी दिसला. याची तक्रार तेव्हा फारशी कुणी केली नाही, कारण काहीतरी दिसतंय याचंच अप्रूप मोठं होतं.

मग आलं ‘रामायण’. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, म्हणजे मधे दोन उन्हाळे. ज्या घरी संच होता त्याची ओसरी रविवारी सकाळी भरून जाई. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी लावून काळा-पांढरा संच चाले. पण ओसरीत कोण बसतं, अंगणात कोण आणि खिडकीबाहेर कोण, हे प्रत्येक गावाला न सांगता ठाऊक असे. तंबूत तिकीट काढलं की जमिनीवर सगळे सारखे. टीव्ही मात्र कुणाच्या तरी घरात होता, आणि घराला उंबरठा असतो. टीव्हीने गाव एकत्र आणलं असं जे सरसकट म्हटलं जातं, ते म्हणूनच मला अर्धंच पटतं.

त्याच दशकात भाड्याचा व्हिडिओ आला. वर्गणी काढायची, रंगीत संच आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी आणायचा आणि पैसे वसूल होईपर्यंत, म्हणजे उजाडेपर्यंत, तीन-चार पिक्चर लागोपाठ पाहायचे. लग्नाच्या मांडवात तर हे हमखास. आवड म्हणाल तर मारधाडीला पहिली पसंती, कारण ती समजायला हिंदी येण्याची गरज नव्हती.

२००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाची. १८ एप्रिल २००८ ला आयपीएल सुरू झाली आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिने बळकावल्या. निर्मातेही मोठे चित्रपट या काळात आणायला बिचकू लागले. इथे सामन्याच्या वेळी वीज असेल की नाही, हाच खरा सामना असे. क्रिकेटने सुट्टीतला सिनेमा मारला असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तंबू तर आधीच उतरले होते, आणि ते उतरवले केबल आणि सीडीने.

सीडीने एक चांगली गोष्टही केली. मालेगावच्या हौशी मंडळींनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. पाठोपाठ अहिराणीतले विनोद आणि गाणी सीडीवर बाजारात दिसू लागली. २०१६ मध्ये मोबाइलचा डेटा स्वस्त झाल्यावर मावची आणि भिली गाणीही पडद्यावर आली. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवलं, तेव्हा अनेक घरांत आजोबा टीव्हीसमोर आणि नातवंडं मोबाइलवर असा देखावा होता.

आज मे महिन्यात नवापूर-खांडबारा भागात फिरलात तर गाडीवर चढवलेला बँड दिसेल. कीबोर्ड, ढोल, भलेमोठे स्पीकर, आणि मागे रात्रभर नाचणारं अख्खं वऱ्हाड. त्यातला प्रत्येक दुसरा माणूस हात उंच करून चित्रण करत असतो. हीच चित्रणं पुढे दिवाळीनंतर उसाच्या फडाशेजारच्या पालांत, दिवसभराची तोड आटोपल्यावर, पुन्हा पाहिली जातात.