गोचीड ताप : संकरित गाईंना धोका जास्त, गाठ आणि ताप दिसताच डॉक्टर बोलवा

गोचीड नुसतं रक्त पीत नाही, ते गाईच्या अंगात रक्तातले परजीवीही सोडतं. त्यातला थायलेरिओसिस, म्हणजेच गोचीड ताप, संकरित जनावरांसाठी सर्वांत घातक ठरतो. उपचाराला उशीर झाला तर दुभती गाय काही दिवसांत दगावते.

लक्षणं काय?
- १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट ताप, चारा आणि रवंथ बंद, दूध एकदम कमी
- खांद्यासमोरची गाठ सुजते
- डोळ्यांची आतली बाजू आधी फिकी, नंतर पिवळी पडते
- धाप लागते

लघवी लाल किंवा कॉफीसारखी होत असेल तर बबेसिओसिसची शक्यता असते. हाही गोचीडामुळेच होतो, पण औषध वेगळं लागतं. म्हणून रक्ताची काच तपासून घेणं फायद्याचं.

धोका कुठे जास्त?
- होल्स्टिन, जर्सी संकरित गाई आणि त्यांची वासरं. खिलार, देवणीसारख्या देशी जनावरांना आजार तुलनेनं सौम्य होतो.
- उन्हाळा आणि पावसाळा, या काळात गोचीड वाढतात.
- भेगा पडलेल्या भिंती, दगडी गव्हाण, गोठ्यालगतचा उकिरडा. मादी जनावरावरून गळून पडते आणि अशाच जागी हजारो अंडी घालते.
- बाजारातून आणलेलं जनावर थेट कळपात बांधणं.
- नुकतीच व्यायलेली किंवा लांबून प्रवास करून आलेली गाय.

काय करावं?
फक्त जनावरावर फवारून भागत नाही. गोठ्याच्या भेगा बुजवा, भिंती-गव्हाणीवरही फवारणी करा, १५ दिवसांनी पुन्हा करा. औषधाचं प्रमाण लेबलवर असेल तेवढंच ठेवा. कमी प्रमाणामुळे गोचीड औषधाला दाद देईनासे होतात, जास्त झालं तर जनावराला विषबाधा होते. फवारणीआधी जनावराला पाणी पाजा, म्हणजे ते अंग चाटणार नाही. काढलेले गोचीड हातानं चिरडू नका, रॉकेलमध्ये टाका.

नवीन जनावर काही दिवस वेगळं बांधा. संकरित वासरांसाठी लस मिळते, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्या.

गोचीड तापावर बुपार्व्हाक्वोन हे इंजेक्शन चालतं, पण ते लवकर आणि वजनानुसार द्यावं लागतं. नुसत्या ताप उतरवायच्या गोळ्यांवर दोन दिवस घालवू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.