मोजलं, पण सांगितलं का?

सर्व्हर कोसळला की आम्ही आधी लॉग उघडतो. दोष कुणाचा ते नंतर बघू! पण माणूस बरा व्हायला हॉस्पिटलात गेला आणि तिथलाच जंतू अंगावर घेऊन घरी आला, तर त्याचा लॉग कोण ठेवतं? गेले दोन वीकेंड मी यावरच वाचतोय.

मोजणाऱ्यांमध्ये पहिलं नाव आठवतं ते व्हिएन्नाच्या सेमेलवाइसचं. १८४७च्या एप्रिलमध्ये त्याच्या प्रसूतिवॉर्डात शंभरातल्या अठरा बायका दगावत होत्या. मे महिन्यात त्याने डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि जूनमध्ये हा आकडा दोनच्या आसपास आला. पुरावा बिनतोड होता! पण त्याचं पुस्तक यायला १८६१ उजाडलं आणि त्यानंतर त्याने नामांकित डॉक्टरांना खुनी ठरवणारी जाहीर पत्रं लिहिली. मग ऐकणार कोण?

आता थेट अमेरिकेत येऊ. १९७४ साली तिथल्या सीडीसीने 'सेनिक' नावाचा अभ्यास सुरू केला. ३३८ हॉस्पिटलं निवडली आणि १९७० व १९७५-७६ चे लाखो केसपेपर तपासले. प्रश्न साधा होता: संसर्गावर नजर ठेवल्याने खरंच काही फरक पडतो का?

निष्कर्ष १९८५ साली छापून आले. ज्यांच्याकडे धड व्यवस्था नव्हती, तिथे संसर्ग १८ टक्क्यांनी वाढला होता. आणि जिथे नियमित नोंद आणि प्रतिबंध, दर २५० खाटांमागे एक इन्फेक्शन कंट्रोल नर्स, या विषयातला जाणकार डॉक्टर आणि सर्जनला त्याचे आकडे कळवायची पद्धत, हे सगळं होतं, तिथे तो ३२ टक्क्यांनी कमी झाला होता.

मला यातली शेवटची अट सगळ्यात मोलाची वाटते. जखम चिघळते ती ऑपरेशननंतर काही दिवसांनी, कधीकधी तर पेशंट घरी गेल्यावर. तोवर सर्जन पुढच्या दहा ऑपरेशनांत गुंतलेला. त्याला आपलं काम उत्तमच चाललंय असं वाटणार, आणि त्यात त्याची लबाडीही नाही. दिसतच नाही तर सुधारणार काय? म्हणून आकडा त्याच्या हातात द्यायचा, आरसा दाखवावा तसा. चव्हाट्यावर मांडला की माणूस सुधारण्याऐवजी भांडतो, हे सेमेलवाइसच्या बाबतीत दिसलंच.

आता हिशोब बघा. सेनिकच्या अंदाजानुसार १९७०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत टळण्याजोग्या ३२ टक्क्यांपैकी फक्त ६ टक्के संसर्ग टळत होते. उरलेल्या २६ टक्क्यांसाठी नवं औषध शोधायची गरज नव्हती. मोजायला एक नर्स हवी होती, आणि तिने मोजलेलं ऐकून घेणारा डॉक्टर!